कझानलकचं रंगवलेलं थडगं: ती बाई रडतेय का, आणि नक्कल बघायला जावं का

प्रश्न थोडक्यात असा होता: पुढच्या उन्हाळ्यात बल्गेरियाला जायचं चाललंय, कझानलक गावातलं थ्रेशियन लोकांचं रंगवलेलं थडगं यादीत आहे, पण तिथे म्हणे मूळ थडगं सहसा दाखवत नाहीत, शेजारी बांधलेली नक्कल दाखवतात, मग इतक्या लांब जाऊन डुप्लिकेट कशाला बघायचं? दुसरं म्हणजे फोटोत जी मान खाली घातलेली बाई दिसते ती रडतेय की लाजतेय? आणि तिसरं, सगळं ग्रीकच दिसतंय, मग यात थ्रेशियन काय आहे?

माझं काम भिंतीवरच्या चित्रांचं कॉन्झर्वेशन, म्हणजे साध्या भाषेत गिलावा सांभाळायचा, चित्र आपोआप सांभाळलं जातं. पंचवीसेक वर्षं भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून कुठे पोकळ वाजतंय ते ऐकण्यात गेली, त्यामुळे माझं उत्तर थोडं भिंतीकडून येणार, इतिहासाच्या पुस्तकाकडून नाही. आणि आधीच सांगतो, मी पण कझानलकला नक्कलच बघितली, मूळ खोलीत पाय ठेवलेला नाही. तरी दोन तास तिथे होतो, बायको बाहेर बाकावर बसून कंटाळली.

आधी थोडी ओळख. थ्रेशियन म्हणजे आजचा बल्गेरिया, ग्रीसचा ईशान्य कोपरा आणि तुर्कस्तानचा युरोपातला तुकडा एवढ्या पट्ट्यात राहणाऱ्या अनेक टोळ्या. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो की जगात भारतीयांच्या खालोखाल सगळ्यात मोठं लोक म्हणजे हे थ्रेशियन, एकजूट झाले तर कोणी त्यांना हरवू शकणार नाही पण ते एकजूट होत नाहीत. (हे वाक्य वाचून मला उगाचच ओळखीचं वाटलं, असो.) त्यांचं स्वतःचं लिखाण जवळजवळ काही नाही, जे थोडंफार कोरलंय ते ग्रीक अक्षरात, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक शेजाऱ्यांनी लिहिलेलं. म्हणूनच या थडग्यांच्या भिंती महत्त्वाच्या, तिथे त्यांनी स्वतःला कसं दाखवून घेतलंय ते दिसतं.

कझानलकचं थडगं १९४४ च्या एप्रिलमध्ये सापडलं, महायुद्ध चालू होतं, गावाजवळच्या टेकाडावर सैनिक खणत होते आणि कुदळ विटांवर आदळली. काळ साधारण इ.स.पू. चौथ्या शतकाचा शेवट ते तिसऱ्याची सुरुवात, म्हणजे सिकंदर नुकताच गेलेला, त्याचे सरदार राज्य वाटून घेतायत आणि थ्रेस लायसिमेकसच्या वाट्याला आलाय, पण तिथला सेउथीस तिसरा नावाचा राजा त्याला दाद देत नाहीये. या सेउथीसची राजधानी सेउथोपोलिस थडग्यापासून काही किलोमीटरवरच होती, ती १९४८ मध्ये धरणाच्या कामात सापडली, १९५४ पर्यंत घाईघाईने उकरून नोंदवली आणि मग धरणाच्या पाण्याखाली गेली. आजही कोप्रिन्का जलाशयाच्या तळाशी आहे. थडगं मात्र टेकाडावर होतं म्हणून वाचलं. १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

आता खोली. लोक फोटो बघून समजतात की काहीतरी मोठं दालन असेल. तसं काही नाही. बाहेर एक छोटी ओसरीसारखी खोली, मग जेमतेम मीटरभर रुंदीचा बोळ, आणि बोळ संपला की गोल खोली, तिचा व्यास २.६५ मीटर आणि मधली उंची सव्वातीन मीटर. हिशोब करा, साठ चौरस फूट पण होत नाही, मुंबईतल्या फ्लॅटचं बाथरूम थोडं मोठं असावं तेवढी जागा. बोळ आणि गोल खोली भाजक्या विटांची, आणि घुमट कमानीच्या पद्धतीने नाही, तर प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत सरकवत वर नेलाय, शेवटी जे भोक उरलं ते दगडाने बंद. वरून सगळ्यावर मातीचा ढिगारा. म्हणजे पुरलेलं घरच.

आणि इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या जी सपाट फोटोत मरते. मुख्य चित्र उभ्या भिंतीवर नाही, ते घुमटाच्या खालच्या भागावर गोल फिरवलंय, जिथे पृष्ठभाग तुमच्याकडे झुकायला लागतो. म्हणजे माणसांची डोकी त्यांच्या पायांपेक्षा तुमच्या जास्त जवळ येतात, तुम्ही मधोमध उभे राहिलात की ती सगळी मंडळी किंचित वाकून तुमच्याकडे बघतायत असं वाटतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी झुकत्या गिलाव्यावर काम केलंय त्याला कळेल की तिथे सरळ उभा माणूस सरळ दिसेल असा काढणं किती कटकटीचं असतं, घोडा तर विचारूच नका. या पठ्ठ्याने घोडे काढलेत, एकमेकांच्या मागे लपलेले, चार-चार, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि पाय कुठल्याचे कुठले ते चुकलेलं नाही.

चित्रात काय आहे. बोळातून आत शिरलं की बरोबर समोर जोडपं. पुरुषाच्या डोक्यावर पानांचा मुकुट, पुढ्यात बुटकं टेबल, त्यावर खायचे पदार्थ. बाई उंच पाठीच्या नक्षीदार खुर्चीवर, पाय चौरंगावर, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, मान खाली. दोघांचे हात एकमेकांत आहेत, नेमकं सांगायचं तर मनगटाशी. मग त्यांच्या दोन्ही बाजूंनी मिरवणूक: हातात फळांचं तबक घेतलेली एक उंचच उंच बाई, पेयं देणारा, लांब कर्णे फुंकणाऱ्या दोघीजणी, पेटी आणि वस्त्रं घेतलेल्या दासी, घोड्यांना धरून उभे मोतद्दार, चार घोड्यांचा रथ. आणि ही सगळी मंडळी दोन्हीकडून या जोडप्याकडेच तोंड करून आहेत. खोली गोल असल्यामुळे मिरवणूक तुमच्या पाठीमागून, म्हणजे दारावरून, सुरू होते आणि दोन्ही हातांनी वेढून समोर येऊन मिळते. याच्या वर, अगदी घुमटाच्या टोकाशी अजून एक लहान वर्तुळ, त्यात दोन-दोन घोड्यांचे तीन रथ भरधाव पळतायत. त्यांना कोणी पहिला नाही कोणी शेवटचा नाही, गोल गोल पळतायत.

आता ती बाई. तुम्ही विचारलंत रडतेय का लाजतेय. यावर वाद जुना आहे. एक मत असं की हा मेलेल्या सरदाराचा शेवटचा भोजनविधी, बायको निरोप देतेय. दुसरं मत, हे लग्न आहे, परलोकातलं, आणि तबकवाली उंच बाई ही साधी दासी नसून देवी आहे, म्हणून तर ती बाकीच्यांपेक्षा मोठी काढलीय. तिसरं मत की मेलेला आता देवतुल्य वीर झालाय आणि सगळे त्याला मान द्यायला आलेत. मला विचाराल तर हाताकडे बघा, चेहऱ्याकडे नको. ग्रीक चित्रकलेत नवरा नवरीला नेताना तिचं मनगट धरतो, ही ठरलेली खूण आहे, बघणाऱ्याला लगेच कळायची, जसं आपल्याला पाणिग्रहण म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्याच ग्रीकांच्या थडग्यावरच्या दगडांवर मेलेला आणि जिवंत माणूस हातात हात घेऊन उभे असतात, ती निरोपाची खूण. कझानलकच्या चित्रकाराला दोन्ही खुणा माहीत असणार यात मला शंका नाही, आणि त्याने हात असे काढलेत की लग्न म्हणा तर लग्न, निरोप म्हणा तर निरोप. माझ्या मते हे त्याने मुद्दाम केलंय. खाली घातलेली मान नवरीची पण असते आणि विधवेची पण. एकच उत्तर पाहिजे म्हणून हट्ट धरला तर चित्रातला अर्धा जीव जातो.

इथे एक गोष्ट काही गाईड रंगवून सांगतात ती जपून ऐका. हेरोडोटसने लिहिलंय की थ्रेसमधल्या एका भागात माणसाला बऱ्याच बायका असतात, तो मेला की सगळ्यात लाडकी कोण यावर त्यांच्यात चुरस लागते, आणि जी ठरेल तिला थडग्यापाशी मारून नवऱ्याबरोबर पुरतात, उरलेल्यांना ते अपमानाचं वाटतं. आपल्याला हे वाचून सती आठवणारच. कझानलकच्या थडग्यात पुरुष आणि बाई दोघांची हाडं मिळाली, मग झालं, ही तीच बिचारी म्हणून गोष्ट तयार. पण हेरोडोटस या थडग्याच्या शंभरावर वर्षं आधीचा, आणि तो हे ठराविक टोळ्यांबद्दल सांगतो, सरसकट सगळ्या थ्रेशियनांबद्दल नाही. शिवाय थडगं जुन्या काळीच लुटलं गेलेलं, दोघं एकदम पुरले की दहा वर्षांच्या अंतराने, हे हाडांच्या ढिगावरून कसं सांगणार? चित्रात तरी ती सिंहासनासारख्या खुर्चीत, नवऱ्याच्या बरोबरीने बसलीय.

त्याच हेरोडोटसचा दुसरा उतारा मात्र इथे चपखल बसतो. श्रीमंत थ्रेशियनांचं अंत्यकर्म कसं असतं ते तो सांगतो: तीन दिवस प्रेत ठेवतात, जनावरं कापतात, आधी शोक करतात मग जेवणावळ, मग पुरतात किंवा जाळतात, वर मातीचा ढिगारा रचतात आणि मग तऱ्हेतऱ्हेच्या स्पर्धा घेतात. आता परत खोलीत या. मधल्या पट्ट्यात जेवण, वरच्या पट्ट्यात रथांची शर्यत, आणि या सगळ्यावर बाहेरून ढिगारा. अजून काय पाहिजे!

म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं बघा, ग्रीक की थ्रेशियन. हात ग्रीक शिक्षणातला आहे यात वाद नको: पुरुषांची कातडी तांबूस-काळसर आणि बायकांची गोरी काढायची पद्धत, अंगाला दिलेली छाया-प्रकाशाची गोलाई, भिंतीच्या खालच्या भागावर संगमरवरी दगड बसवल्याचा भास आणि वर घोटलेला लाल पट्टा, बैलांच्या कवट्या आणि फुलांची नक्षी, हे सगळं त्या काळच्या ग्रीक-मॅसेडोनियन जगातलं. पण काय काढायचं ते सांगणारा माणूस थ्रेशियन. भाजक्या विटांची गोल खोली, मातीचा ढिगारा, घोड्यांचा एवढा सोस, बायकोला एवढी मोठी जागा, हे गिऱ्हाइकाचं. बोळात दोन्ही बाजूंना सैन्यं समोरासमोर आलेली आहेत, भाले, वाकड्या तलवारी, आणि तिथे थ्रेशियन पोशाखातली माणसं आहेत. चित्रकार बाहेरून आलेला की तिथलाच पण बाहेर शिकलेला, नाव तर कुठे लिहिलेलं नाही. मला स्वतःला हा भेद फार महत्त्वाचा वाटत नाही, वाड्याची चित्रं काढायला जयपूरचा माणूस बोलावला म्हणून वाडा राजस्थानी होत नाही.

रंगांकडे या. मूळ रंग चारच: काळा, लाल, पिवळा, पांढरा. म्हणजे आपल्या भाषेत काजळी, गेरू, पिवडी आणि चुना-खडू. हे गरिबीमुळे नाही. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सिकंदराचा चित्रकार अपेलीस आणि त्याच्या काळचे इतर मोठे चित्रकार चारच रंगांत काम करायचे, आणि नेमके हेच चार. त्या थोर चित्रकारांचं एकही मूळ चित्र आज शिल्लक नाही. कझानलक हे त्याच पिढीच्या आसपासचं काम आहे, चार रंगात काय होऊ शकतं ते दाखवणारं, म्हणून आमच्या धंद्यातल्या माणसांना ते इतकं प्रिय.

आणि रंग टिकले कसे? ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला की विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडाच्या पातळ पापुद्र्यात अडकून बसतात. याला फ्रेस्को म्हणतात. त्यात डिंक-सरस काही लागत नाही, पण वेळ मिळत नाही, गिलावा सुकायच्या आत हात चालला पाहिजे. कझानलकला हे आहेच, शिवाय सुकल्यावर चिकट माध्यमात कालवलेल्या रंगाने, म्हणजे टेंपेराने, केलेलं काम पण आहे. आपल्याकडे बरेच जण अजिंठ्याला सरसकट फ्रेस्को म्हणतात, ते चूक आहे. अजिंठ्यात मातीचा गिलावा, त्यात तूस-गवत, वर चुन्याचा पातळ हात आणि रंग सुकलेल्यावर दिलेले. अजिंठ्याची सगळ्यात जुनी चित्रं, नऊ आणि दहा नंबरच्या लेण्यातली, कझानलकपेक्षा शे-दोनशे वर्षांनी नंतरचीच, पण भिंतीची जात पूर्ण वेगळी. त्यामुळे दोघांची दुखणी पण वेगळी.

आता पहिला प्रश्न, नक्कल. ढिगाऱ्याखाली बंद असताना त्या खोलीत तापमान आणि ओल वर्षानुवर्षं जवळजवळ एकसारखी असते, गिलाव्याची त्या ओलीशी समजूत झालेली असते. दार उघडलं की समजूत मोडते. ओल बाहेर यायला लागते, येताना भिंतीतला क्षार घेऊन येते, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक मागे राहतात, ते फुगतात, आणि रंगाचा पापुद्रा आतून ढकलला जातो. घरी भिंतीला लोणा लागून पोपडे सुटतात तेच, फक्त इथे पोपड्यावर तेविसशे वर्षांपूर्वीचा घोडा असतो. त्यात माणसं आली की त्यांचा श्वास, घाम, बुटाची धूळ, आणि दिवे लावले की बुरशी-शेवाळ. साठ चौरस फुटात पाच माणसं दहा मिनिटं उभी राहिली तरी हवा बदलते, हे कळायला मशीन लागत नाही, नाक पुरे.

म्हणून १९७४ मध्ये शेजारीच मूळ मापाची नक्कल बांधली. हे किती लवकर केलं ते बघा, फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९६३ मध्ये बंद केली पण तिची नक्कल लोकांना बघायला मिळाली १९८३ मध्ये. मूळ थडग्यावर संरक्षक इमारत आहे, आत हवा नियंत्रित केलेली असते. आणि उलट उदाहरण आपल्याकडचंच, १९२० च्या सुमाराला निजामाच्या राज्याने अजिंठ्याला इटालियन तज्ज्ञ आणले, त्यांनी पुष्कळ सुटलेला गिलावा पकडून ठेवला, चांगलं काम, पण वर शेलॅकचं व्हार्निश लावलं, ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि अजून निस्तरणं चालू आहे. मी उमेदवारीत एका देवळात असंच कोणीतरी चमक यावी म्हणून मारलेलं व्हार्निश कापसाच्या बोळ्याने इंच इंच काढत तीन महिने बसलोय, त्यामुळे "चित्राला हात लावू नका, नक्कल दाखवा" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कायम असतो.

नक्कल बघून काय मिळतं आणि काय नाही ते सरळ सांगतो. पृष्ठभाग मिळत नाही. घोटलेल्या चुन्याची ती आतून येणारी झाक, रेघ कुठे ओल्यात धावली आणि कुठे सुकल्यावर दुरुस्त केली, हे नकलेत शोधू नका, त्यासाठी चांगले मोठे फोटो बघा, ते जास्त उपयोगी. पण माप मिळतं, झुकाव मिळतो, बोळातून वाकत येऊन एकदम ती दोघं समोर दिसण्याचा धक्का मिळतो, आणि या चित्राची मांडणी त्यावरच उभी आहे. ते कुठल्याही फोटोत नाही. माझ्यासाठी तेवढ्यावर तिकीट वसूल.

जाताय तर फक्त एवढंच करून परत येऊ नका. कझानलकच्या आसपास ढिगारेच ढिगारे आहेत, गुलाबाचं अत्तर काढतात तेच हे खोरं. ग्योर्गी कितोव नावाच्या पुरातत्त्वज्ञाने त्याला थ्रेशियन राजांचं खोरं हे नाव दिलं. त्याच्या झपाट्यावर, ढिगाऱ्यात मशीन घालण्यावर भरपूर टीका झाली आणि मला ती पटते, पण माणसाने सापडवलं किती ते पण बघा: १९९३ मध्ये ओस्त्रुशाचं थडगं, तिथे दगडी छताच्या चौकटीत एका बाईचा चेहरा रंगवलेला आहे, छोटासाच, पण अप्रतिम. २००० मध्ये हास्कोवो गावाजवळ आलेक्सांद्रोवोचं थडगं, त्यात शिकारीचं चित्र, रानडुक्कर, घोडेस्वार, आणि दुधारी कुऱ्हाड उचललेला नागडा माणूस, शिवाय भिंतीवर ग्रीक अक्षरात खरवडलेलं कोझिमासेस हे नाव, तो चित्रकार की मालक यावर मारामारी चालू आहे. तिथे पण नक्कलच, जपानच्या मदतीने बांधलेली. २००४ मध्ये गोल्यामा कोस्मात्का, खुद्द सेउथीस तिसऱ्याचं थडगं, सोन्याचा मुकुट आणि दारापुढे पुरलेलं त्याचं ब्राँझचं डोकं, ते डोकं सोफियाच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे, डोळे असे की रात्री झोप उडावी. कितोव २००८ मध्ये उत्खनन चालू असतानाच गेला. उत्तरेकडे जाणार असाल तर स्वेश्तारीचं थडगं, तिथे चित्र कमी पण छत तोलून धरणाऱ्या दगडी दहा बायका आहेत, प्रत्येकीचा चेहरा निराळा.

कझानलकला शक्यतो सकाळी उघडल्या उघडल्या जा, बस आली की त्या बोळात कोंडी होते आणि मागचा माणूस खांद्यावरून मोबाईल घालतो. आत शिरलात की लगेच जोडप्याकडे बघू नका, उलटं फिरा, दाराकडे तोंड करा, तिथून एका बाजूने मिरवणुकीबरोबर चालत समोर या, मग परत दाराशी जाऊन दुसऱ्या बाजूने. मग मान वर करा आणि तीन रथ मोजा. मला तिसरा सापडायला वेळ लागला, कारण मी स्वतःच त्यांच्याबरोबर गोल फिरत होतो.